शेवटच्या दिव्याच्या बुचाविषयी

दिनांक : ९ डिसेंबर

प्रति,
मा. अधीक्षक,
नगरपालिका नाट्यगृह विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : रंगमंचावरील जुन्या एलईडी दिव्यांची आपोआप होणारी उघडझाप, त्यातून घडलेला अपघात, व त्याचा ठपका कलाकारावरून काढून माझ्यावर ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज, दि. ३ सप्टेंबर, १९ सप्टेंबर व ११ ऑक्टोबर (उत्तर एकाचेच आले, तेही पाणीपुरवठा विभागाकडून).
२) आपला आदेश, दि. २ डिसेंबर.

महोदय,

१. मी आपल्या नाट्यगृहात बावीस वर्षे दिवे चालवतो. सध्या निलंबित आहे. आपल्या आदेशात दोन वाक्ये आहेत. पहिले माझ्या निलंबनाचे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. दुसरे असे : "सदर अपघात कर्णबधिर कलाकाराच्या स्वतःच्या दुर्लक्षामुळे घडला असून, यापुढे अशा कलाकारांच्या संस्थेस रंगमंच देऊ नये." हे वाक्य खोटे आहे. ते खोटे आहे हे मला कसे माहीत, ते सांगण्यासाठी हा अर्ज आहे.

२. सदर कलाकार माझी सख्खी थोरली बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती शिवणकाम करते. तिच्या शिवणवर्गातल्या सात जणींनी मिळून नाटक बसवले. विंगेतून हाक मारून उपयोग नाही, म्हणून त्यांच्या सगळ्या खुणा दिव्यांच्या. निळा दिवा दोनदा मिचकावला की आत यायचे. शेवटच्या प्रवेशात ताई चार फूट उंच चौथऱ्यावर उभी असते आणि अंधारातून जिना ढकलत आणून चौथऱ्याला लावतात. पिवळा दोनदा मिचकावला, म्हणजे जिना लागला, उतर.

३. आपले बारा एलईडी दिवे अकरा वर्षांचे झाले. ऑगस्टपासून ते कुणाच्या सांगण्याशिवाय लुकलुकू लागले. शोकसभेत वक्ते गहिवरले असताना त्यांच्या मागे लाल-हिरवे दिवे नाचले, तेव्हा आपण मला बोलावून "हा काय चावटपणा आहे?" असे विचारले होते. त्या दिवसापासून मी दोष शोधत होतो. तीन दिवे जुन्या डिमरवर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पेटीवर, जोडलेले सापडले. हे दिवे डिमरवर चालत नाहीत. त्यांना थेट वीज लागते. ती जोडणी बदलल्यावर त्यांतले दोन शांत झाले. मग प्रत्येक दिवा ज्या नंबरावर हुकूम घेतो, तो तपासला. दोन दिव्यांचा एकच निघाला, तोही दुरुस्त केला. मग लक्षात आले की दिव्यांना हुकूम पोचवणारी केबल मुळात माइकची आहे. भांडारपालांकडे योग्य केबल मागितली. ते म्हणाले, "वायर ती वायर. दोन्हीला तीनच पिना आहेत ना? मग?"

४. राहिला शेवटचा उपाय. हुकूम एका दिव्यातून दुसऱ्यात असा शेवटच्या दिव्यापर्यंत जातो. तिथे त्याला अडवणारे काही नसले तर तो भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा परत येतो, आणि दिवे गोंधळून भलत्या वेळी पेटतात. त्यासाठी शेवटच्या दिव्याला अंगठ्याएवढे बूच लावतात. आत एक छोटा रेझिस्टर असतो. भांडाराच्या यादीत ते नाही. केबलच्या अर्जानंतर बुचासाठी मी आणखी दोन अर्ज केले. त्यांतल्या दुसऱ्यातला "बूच" हा शब्द वाचून तो पाणीपुरवठा विभागाकडे गेला आणि तिथला माणूस पाना घेऊन मेकअपच्या खोलीतला नळ बघून गेला. नळ ठीक असल्याचे पत्र सोबत जोडले आहे.

५. अखेर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांकडे बसून मी बूच स्वतः सोल्डर केले. ते लावले आणि उघडझाप थांबली. नऊ तालमी झाल्या, एकही दिवा चुकला नाही.

६. प्रयोगाच्या दिवशी सकाळी सुरक्षा तपासनीस येऊन गेले. मी तेव्हा वर पडदा दुरुस्त करत होतो. प्रयोगाला दहा मिनिटे असताना पिवळा दिवा आपोआप एकदा चमकला. मी धावत शेवटच्या दिव्यापाशी गेलो. बूच नव्हते. पहारेकरी म्हणाले, "साहेबांनी काढून नेलं. त्याच्यावर शिक्का नव्हता म्हणे."

७. इथून पुढचे मी चौकशीत सांगितलेले नाही.
प्रेक्षागृह भरले होते. ताईने विंगेतून अंगठा वर करून भुवया उंचावल्या, म्हणजे, सगळे ठीक ना? मीही अंगठा वर केला. प्रयोग थांबवता आला असता. निदान जिना आधीच लावून ठेवा एवढे सांगितले असते तरी पुरे होते. मला वाटले, एवढा तासभर निघून जाईल.
शेवटच्या प्रवेशात पिवळा दोनदा चमकला. माझा हात बटणावर नव्हता. जिना अजून विंगेतच होता. ताईने पाऊल टाकले.

८. तिचे उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले आहे. ज्या हाताने ती कात्री धरते, त्याच हाताने ती बोलते. दुसऱ्या दिवशी जबाबात मी "दिवे व्यवस्थित चालू होते" असे लिहून सही केली. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. दिवे व्यवस्थित, तर मग चूक तिची, असा अर्थ आपण काढलात. दुसरा निघतही नव्हता.
याहून वाईट पुढे आहे. दवाखान्यात तिने डाव्या हाताने वहीत लिहून मला विचारले, "पिवळा लागला होता ना?" मी मान हलवून नाही म्हटले. तेव्हापासून ती खोलीतला दिवासुद्धा दोनदा निरखून बघते. जन्मभर ती डोळ्यांच्या भरवशावर जगली. तो भरवसा मी, तिच्या धाकट्या भावाने, एक मान हलवून काढून घेतला.

९. म्हणून हात जोडून विनंती की,
(अ) माझा जबाब रद्द करून परिच्छेद ६ व ७ हाच माझा जबाब समजावा.
(आ) आदेशातील दुसरे वाक्य पूर्ण खोडावे, व खोडल्याचे पत्र ताईच्या नावे पाठवावे. मला प्रत नको.
(इ) सात जणींना रंगमंच पुन्हा द्यावा. त्या विचारायला येऊन आपल्या बाकावर दोन दिवस बसल्या आणि त्यांच्याशी कसे बोलावे हे न कळल्याने कुणी बोलले नाही, असे समजते.
(ई) तपासनीसांच्या कपाटात पाकिटात असलेले बूच आजच शेवटच्या दिव्याला लावावे. मला आत सोडत नाहीत. गुरुवारी तिथे दुसऱ्या संस्थेचा प्रयोग आहे आणि त्यांच्यातले एक जण शिडीवर चढणार आहेत. शिक्का मागाहून मारता येईल.

१०. हा अर्ज देण्यापूर्वी मी ताईला वाचायला दिला. तिला खरे कळण्याची दुसरी वाट मला सुचली नाही. मसुद्यात मी तिला दोन ठिकाणी "बिचारी" म्हटले होते. तिने पेन घेऊन दोन्ही ठिकाणी ते खोडले. परिच्छेद ७ तिने तीनदा वाचला. माझ्याकडे बघितले नाही. मी कागद उचलू लागलो तेव्हा तिने डावा हात हलवला. क्षमेची खूण मला ओळखता येते, ती नव्हती. ती म्हणाली, "पाठव."

आपला नम्र, व या अर्जानंतर कदाचित आपला नसलेला,
(सही)
दिवेचालक, हजेरीपट क्रमांक ४१

सोबत : १) बूच कसे व कुठे लावावे याची हाताने काढलेली आकृती. २) नळ ठीक असल्याचे पत्र. ३) मनगटाच्या एक्स-रेची प्रत. ४) वहीचे पान, ताईच्या डाव्या हाताच्या अक्षरातील प्रश्नासह, त्याखाली मी आज लिहिलेले उत्तर, "हो, लागला होता."