बैलाच्या पोटातले बिऱ्हाडकरू

निजामी फसली सन १३२२, आजूर महिना, तारीख १५
कालच्या दसऱ्याच्या बोकडाच्या पोटातला थेंबभर चोथा हैदराबादेहून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली धरला. आत किडे! केसाळ, गोल, लगबगीने पळणारे. गाईच्या तोंडातला रवंथ पाहिला, त्यातही तेच. म्हणजे कडबा आपण जनावराला घालतो आणि खातात हे बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू. हे मारले की निम्म्या वैरणीत बैल दुप्पट. अख्ख्या चकलांबा गावात हे मला एकट्याला कळलं आहे. सरकारात रिपोर्ट पाठवायचा. खिताब मिळू शकतो.

आजूर १६
किडे मारायला मोरचुदाची निळी पूड पाण्यात कालवून पाजायची. मायक्रोस्कोपबरोबर आलेल्या पुस्तकात किड्यांचं चित्र आहे, डोस नाही. तो मीच ठरवला, जरा सढळ हाताने. आमचे बैल पेरणीत गुंतलेले. त्यांच्यावर प्रयोग करणं बेजबाबदारपणाचं. गावची गुरं राखणारा बिभीषण आहे. त्याची एकच जोडी, ढवळ्या आणि कोशा. ज्वारी पेरायची राहिली, ओल उडून जाईल, म्हणून कां-कूं करत होता. म्हटलं, पेरणीला दुप्पट ताकदीचे बैल देतो. मग त्याने स्वतःच ढवळ्याचा जबडा धरला. कोशाला तुलनेसाठी निम्मा डोस.

आजूर १८
ढवळ्याच्या लाळेत एकही किडा हलत नाही. फत्ते! कडब्याला तोंड लावत नाही. साहजिक आहे, आता त्याला कमी लागतं.

आजूर १९
दोघांचा रवंथ बंद. विश्रांती घेत असावेत. बिभीषणाची बायको रतनबाई आली. रवंथ थांबला की धडधाकट गाईच्या तोंडातला घास काढून आजारी जनावराला चारायची इथली रीत. आमच्या गाईचा घास मागत होती. साफ नाही म्हटलं. एवढ्या मेहनतीने मारले, ते परत भरायचे? वत्सलाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, मला जेवायला वाढणार नाही असं सांगितलं. शेवटी शास्त्रीय तडजोड केली. घास काढून खळखळ उकळला, गार केला आणि ढवळ्याला माझ्या हाताने चारला.

आजूर २०
ढवळ्या बसला तो उठला नाही. बिभीषण त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. शेजारच्या रानातून सगळ्यांच्या पेरणीच्या पाभरी चालल्याचा आवाज येत होता. आणखी एक डोस द्यावा असं मनात आलं. बिभीषणाने माझ्याकडे पाहिलं, म्हणून बोललो नाही.

आजूर २१
ढवळ्या गेला. सायन्ससाठी पोट फाडून पाहिलं. कडबा गच्च भरलेला, खाल्ला तसाच्या तसा. किडा एकही नाही. मग इतके दिवस तो पचवत कोण होतं, हा प्रश्न रिपोर्टात घेणार नाही. विषयांतर होईल.

आजूर २३
कोशा रवंथ करतोय! निम्मा डोस हाच खरा. लाळ पाहिली तर किडे पहिल्याइतकेच. चौकशीअंती कळलं, वत्सला दोन दिवस चोरून आमच्या गाईचा घास त्याला चारत होती, न उकळता. घरातच दगा. खोलीबाहेर येतो तर बिभीषण उभा. म्हणाला, ‘मालक, त्या किड्यांनी माज्या बैलाचं काय वाईट केलतं?’
पुस्तकात बघून सांगतो म्हटलं.

आजूर २७
मन मोठं करून ठरवलं, बिभीषणाला पेरणीसाठी आमची जोडी द्यायची. आमची पेरणी उरकली की लगेच.

दै महिना, तारीख ४
जोडी घेऊन स्वतः गेलो. रान वाळून टणक झालेलं, पाभर आत शिरेना. जेमतेम दोन ओळी ओढून बिभीषणाने बैल सोडले आणि माझ्या हातात कासरा दिला. कोशा लिंबाखाली उभा होता, ढवळ्याची जागा मोकळी सोडून. रतनबाईने मला पाणी दिलं. बिभीषणाने पुस्तकाचं विचारलं.
पुस्तक मी आठ दिवसांपूर्वीच पाहिलं आहे, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. किड्यांचं चित्र आहे, नाव आहे. ते काही वाईट करतात असं कुठेही लिहिलेलं नाही.
पुस्तक अजून सापडलं नाही, असं त्याला सांगितलं.