दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

ती. मामांना भाच्याचा गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. (पायापर्यंत वाकलो असतो, पण कंबर धरली आहे.) दमा काय म्हणतो? मामींनी तुमच्या विड्या लपवल्या असतील, तर त्यांनाही नमस्कार.

पत्रास कारण, काल तपासणी झाली. तुमच्या भाचेसुनेची नव्हे, माझी. मूल होत नाही म्हणून आजवर सुया, गोळ्या आणि आईचे टोमणे सगळे हिच्याच वाट्याला आले; मलाही तपासावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही (माझ्याही). नव्या डॉक्टरबाईंनी मात्र आधी माझ्याच हातात डबी देऊन मला एका खोलीत पाठवलं. तुम्ही वडीलधारे, त्या खोलीबद्दल जास्त लिहीत नाही. दाराची कडी लागत नव्हती आणि माझा एक पाय सतत दाराला होता, एवढं पुरे.

हल्ली शुक्राणू माणूस मोजत नाही, यंत्र मोजतं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी आम्हा दोघांना पडदा दाखवला. त्यावर प्रत्येकामागे रंगीत रेघ उमटते: सरळ जाणाऱ्याची हिरवी, जागच्या जागी गिरक्या घेणाऱ्याची पिवळी, आणि ढिम्म बसलेल्यावर लाल ठिपका. मामा, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पहिल्या दिवसाची बॅचच ती! त्यातला एक तर थेट दुसऱ्याच्या अंगावर निघाला. शिकाऊंच्या शेजारी बसून बसून माझा पाय आपोआप माझ्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर जातो, तसा तो गेला, आणि टेबलाखालच्या बटणावर पडला. यंत्र बंद! "अहो, काय केलंत हे?" बाई ओरडल्या. "धडकला असता हो," मी म्हणालो. ही तोंडाला पदर लावून हसत सुटली. दवाखान्यात तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

यंत्र पुन्हा सुरू झालं. हिरव्या रेघा फारच थोड्या निघाल्या. म्हणजे अडचण माझ्यात आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, थोड्या असल्या तरी आहेत, उपचारांनी जमू शकेल. मला हायसं वाटलं, पण हिच्याकडे बघवेना. इतकं ऐकून घेतलेली बाई, "चला, भूक लागलीय," एवढंच म्हणाली.

बाकी सर्व ठीक.

ता. क. खरं काम राहिलंच. आई फक्त तुमचं ऐकते. अडचण सुनेत नाही, मुलात आहे, एवढं तिच्या कानावर घालाल का? माझी जीभ रेटत नाही.

पुन्हा ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणाली, "मामांना कशाला पुढे करता? माझ्यासाठी एकदा तुम्ही बोला." तेव्हा तुम्ही काही सांगू नका. रविवारी जेवायला या, माझ्या शेजारी बसा. आईला मीच सांगणार आहे. मध्येच ब्रेक मारला, तर टेबलाखालून एक लाथ घाला.