काहीच नासत नाही

३ मार्च
आलो एकदाच्या! आई, मी, दोन ट्रंका आणि वाटभर आईने मांडीवरून खाली न ठेवलेलं शिवणयंत्र. कारखान्याच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्या आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुधाच्या टाक्या चकाकताना दिसतात. आईने कोपरे तपासून निकाल दिला, की इथे धूळ शोधायलाही भिंग लागेल.

कारखाना चीजचा. माझं पद भारदस्त आहे, स्वच्छता प्रमुख. आईच्या भाषेत विरजणाची राखणदार, आणि तिचं काही चुकलेलं नाही. दुधात विरजणाचे जिवाणू सोडले की ते दूध आंबवून घट्ट करतात. त्या जिवाणूंना मारणारा एक विषाणू असतो, फाज. माणसाला त्याचा काडीचा त्रास नाही. पण टाकीत शिरला, तर दूध दूधच राहतं. इथे तो शिरलाय, म्हणून तर मला बोलावलं.

टाक्या सांभाळतात ते मिशाकाका. मिशा मास्कमध्ये मावत नाहीत. त्यांनी स्वागतालाच विचारलं, आधीचे साहेब क्लोरीन ओतून ओतून दमले, तुम्ही काय वेगळं करणार ताई? मी म्हटलं, आधी घासणार.

७ मार्च
घासलंच. दुधाच्या वाळक्या थरावर जंतुनाशक ओतलं, तर ते त्या थराशी झुंजण्यातच संपतं. खाली फाज सुखरूप. म्हणून आधी कॉस्टिक सोड्याने धुणं, मग पाणी, मग जंतुनाशक म्हणून पेरॲसेटिक ॲसिड. वास असा, की तापलेलं व्हिनेगर नाकात टोचतंय. फाज हवेतल्या तुषारांवर बसूनही फिरतो, त्यामुळे टाक्यांच्या खोल्या बंद करून त्याच ॲसिडचं धुकं सोडलं.

आज दूध झकास लागलं! मिशाकाकांनी सुरी घालून दाखवली, चीर आरशासारखी. मॅनेजर म्हणाले, तुमचा पायगुण चांगला. आई म्हणाली, पायगुण कसला, हातगुण म्हणा. पोरीच्या हातांची सालटं निघाली आहेत.

१५ मार्च
दूध पुन्हा लागेना. विरजण बदललं, तेही मेलं.

तपासणीसाठी काचेच्या बश्यांत जिवाणूंचा दुधट थर वाढवला आणि त्यावर टाकीजवळच्या पाण्याचे थेंब सोडले. फाज असेल तिथे थराला भोकं पडतात. सगळ्या बश्यांची चाळण झाली. मग उगाच गटारातले जिवाणू घेतले, मातीतले, माझ्या तळहातावरचे. त्यांनाही भोकं. असं होत नसतं. फाज आपापलाच जिवाणू ओळखतो, एका कुलपाची एक किल्ली. ही किल्ली सगळ्याच कुलपांना लागतेय.

मॅनेजरांना सांगायला गेले, तर ते खुशीत. फरशीच्या नमुन्यात एकही जंतू नाही, कारखाना इतका स्वच्छ कधीच नव्हता, म्हणाले.

१९ मार्च
नाल्याच्या कडेला मेलेला उंदीर. मिशाकाका म्हणतात, तुम्ही आलात त्याच्या आधीपासून तिथेच आहे. वास नाही, माशी नाही. डोळे अजून ओले. काडीने ढोसलं, अंग मऊ. आत्ताच मेल्यासारखं.

नाल्यालाही वास येत नाही. मला वाटत होतं, ते माझ्या मेहनतीचं फळ.

२४ मार्च
ओट्यावर विसरलेलं दूध आईला सापडलं. किती दिवसांचं, तिलाच आठवेना. ताजं आहे. ती हसली, आता फ्रीज विकून टाकू, म्हणाली. मी तिच्या हातून पातेलं हिसकावलं. घाबरली बिचारी.

तिला जेवण पचत नाहीये. पोट दगडासारखं. म्हणते, खाल्लेलं जसंच्या तसं बसून राहतं. अन्न पचवायला माणसाच्या पोटातही जिवाणूच लागतात. हे मी तिला सांगितलं नाही.

२८ मार्च
मिशाकाका गेले. भरल्या ताटासमोर वाळत गेले. परगावची मंडळी यायची म्हणून त्यांना घरीच ठेवलंय, कधीपासून. गाल तजेलदार. काकू उशाशी बसून आहेत, कुणाला हात लावू देत नाहीत. दमलेत हो, झोपू द्या, म्हणाल्या.

मी नीट पाहिलं. मलाही झोपलेलेच वाटले.

१ एप्रिल
ॲसिड तीव्र केलं की फाज मरतो. पण तेवढ्याने हातमोजा विरघळतो. कातडी पांढरी पडते. माझी पडली.

आईच्या थुंकीचा नमुना घेतला. बशी कोरी. जिवाणूंचा एक ठिपका वाढला नाही. माझीही कोरी.

३ एप्रिल
आई उठत नाही. पाणीसुद्धा नको म्हणते. डॉक्टरांकडे गेले, तर त्यांच्या बायकोने दारातूनच सांगितलं, तेच अंथरुणाला खिळलेत. पोटाने.

मॅनेजरांचा फोन लागत नाही.

५ एप्रिल, दुपार
आई गेली. आरसा धरला, धूसर झाला नाही. नाडी शोधली. हात गार. गालावर मात्र रंग —

आईच्या दुखण्याचं कळवलं होतं, दादा वाटेत आहे. बरोबर दोन्ही पोरं. मी फोनवर ओरडले, येऊ नकोस, पोरांना आणू नकोस. त्याला वाटलं, रडण्याच्या भरात बोलतेय. जवळच आलोय, म्हणाला.

पोरं आल्या आल्या आजीला बिलगतील. मग फाज त्यांच्याही पोटात.

फवारणीचं यंत्र आणलं. द्रावण सर्वांत तीव्र. खिडकीला चिकटपट्टी. आईचा चेहरा झाकला. यंत्र चालू केलं, दार ओढून घेतलं, फटीत ओला टॉवेल.

बाहेरही झोंबतंय.

आत काहीतरी पडलं. झोताने भांडं —

खोकला.

नाही. यंत्राची घरघर आहे. आईला मी स्वतः —

आईच. अगं, कुठे आहेस, म्हणतेय. डोळे जळतायत म्हणतेय.

टॉवेल ओढला. दार ओलीने फुगून अडकतंय. पलीकडून तीही — नखांचा आवाज —

बाहेर गाडी थांबली. पोरं जिन्यावर. आजी, आजी —

हे दार उघडलं तर सगळं धुकं पोरांच्या — नाही उघडलं तर आई —

दादा, पोरांना तिथेच थां