लिंबू आणि फ्यूज

बोडीटोला,
६ एप्रिल २०२४

ती. खुशालभाऊस, गोकुळाचा शि. सा. न. वि. वि.

इथी फोनले रेंज नाई, अन् लागला तरी तू हो-हो म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागद.

माझी मोठी जाऊ बुधरी गेली. मोहफुलं वेचायले वाकली होती, वाघानं मागून मान धरली. टोपली तशीच सरळ, फुलं भरलेली, अन् रक्त पार नाल्यापर्यंत. अर्धीच बाई सापडली. कोणी हात लावेना. शेजारच्या पोचूनं आपलं मासोळीचं जाळं पसरलं, तिले गोळा केलं अन् खांद्यावर घरी आणलं.

आता वाघ सांजेले अंगणापर्यंत येते. बुधरीबाईचे मालक, माझे भासरे धनराजभाऊ, जेवत नाई. काल बोलले ते एवढंच, की खांबावर आकडा टाकून बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर, करंटची तार सोडतो. आमचे हे मान डोलवून राह्यले. मी म्हटलं, त्याच पाळीवरून गाव मासोळीले जाते. तर हे मलेच म्हणे, तू वाघाकडून काऊन बोलतेस! शेवटी भासरे इतकं कबूल झाले, की अंगणात रातभर उजेड राहिला तर तार टाकणार नाई. तू ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करतोस. आम्हाले उजेड दे.

वहिनीले नमस्कार. या धाकट्या बहिणीवर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
गोकुळा

घुग्घुस,
११ एप्रिल २०२४

चि. सौ. गोकुळास अनेक आ.

तुझं पत्र वाचलं आणि देवापुढे बुधरीबाईंसाठी हात जोडून बसलो. मागावं काय ते सुचलं नाही.

बसच्या ड्रायव्हरकडे बॅटरी, सोलर पॅनल आणि एलईडीच्या पट्ट्या देतो आहे. पट्ट्या बारा व्होल्टच्या, बॅटरीही बारा व्होल्टची. दुसरी जोडू नका. लाल तार अधिकच्या टोकाला, काळी उण्याच्या. जावईबापू टॉर्चमध्ये सेल उलटे घालून टॉर्चलाच शिव्या देतात, तेव्हा जोडणी तूच कर. बॅटरी मोकळ्या हवेत ठेव, भरताना तिच्यातून पेटणारा वायू निघतो. पाना, विळा, कसलंच लोखंड दोन्ही टोकांना एकदम लागू देऊ नको.

आणि फ्यूज. तो लाल तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज म्हणजे आपण दारावर बांधतो ते लिंबू समज. तार कुठे घासली, एकमेकीला चिकटली, तर संकट तो आपल्यावर घेतो. तो जळतो, घर वाचतं. जळलेला फेकून नवा लावायचा, त्या जागी साधी तार घालायची नाही. दोन जास्तीचे दिले आहेत.

आकड्याच्या करंटला वाघ कळत नाही, माणूसही कळत नाही. धनराजभाऊंना माझ्या वतीनं हात जोड.

देव तुमच्या अंगणात जागा राहो.

तुझा भाऊ,
खुशाल

बोडीटोला,
२८ एप्रिल २०२४

ती. खुशालभाऊस, शि. सा. न. वि. वि.

उजेड पडला होता भाऊ. वाघ कुंपणाशी आला, थबकला, फिरून गेला. हे तर गावभर सांगत फिरले, जसं काही यांनीच त्याले हाकललं.

मग वाऱ्यानं तार कुंपणावर घासली. फ्यूज जळले, जास्तीचे दोन्हीही संपले. मी म्हटलं नवे मागवू, तर यांनी तुझाच कागद माझ्यासमोर धरला. भाऊनंच लिहिलं म्हणे, फ्यूज म्हणजे लिंबू. फ्यूज नाई तर नाई, लिंबू घरचंच आहे. दुकानाच्या दारावर असते तशी लोखंडी तारेत लिंबू-मिरची ओवली अन् हात जोडून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हारावानी टांगली. भरदुपारी, बॅटरी भरून राह्यली होती तेव्हा. ठिणगी उडाली अन् बॅटरी फुटली. तेजाब यांच्या तोंडावर. गालाची कातडी माझ्या पदराले चिकटून निघाली. डावा डोळा उकडल्या अंड्यावानी पांढरा झाला. आता दिसणार नाई म्हणतात.

मी यांच्यासंगं दवाखान्यात. अंगणात अंधार. भासऱ्यांनी त्याच सांजेले तार टाकली, अन् कोणाले सांगितलं नाई.

पहाटे पोचू बोडीतून जाळं टाकून येत होता. जाळं ओलं, तारेले लागलं. तोच खांदा. त्याच्या किंकाळीनं भासरे धावले, काठीनं आकडा काढेपर्यंत तो काळा पडला होता. जाळ्याचे धागे अंगात रुतले होते, कापून काढावे लागले. अन् वाघाचा पाऊलठसा तारेच्या अलीकडून, चिखलात, आरामात गेलेला.

पोलीस नेताना भासरे एवढंच म्हणाले, की ते जाळं जाळू नका, त्यात बुधरी आली होती.

भाऊ, नवी बॅटरी पाठव, फ्यूज पाठव. पण या खेपेले लिंबू लिहू नको. फ्यूजले फ्यूजच लिही.

तुझ्यावर राग नाई. तूही स्वतःवर धरू नको.

तुझी,
गोकुळा

घुग्घुस,
२ मे २०२४

चि. सौ. गोकुळास आ.

फ्यूज म्हणजे आतून जळून तुटणारी बारीक तार. दुसरं काही नाही. मूठभर पाठवतो आहे.

बॅटरीसाठी सागाची पेटी केली. बाजूंना हवेसाठी भोकं आहेत, झाकणाला कुलूप आहे, किल्ली तुझ्याकडे. झाकणावर लाल रंगानं लिहिलं आहे, की यावर काही ठेवू नये. तेवढं लिहून ब्रश धुतला. मग पोचू आठवला, जावईबापूंचा डोळा आठवला. ब्रश पुन्हा बुडवला आणि खाली लिहिलं: देवाचंही नाही.

तो समजून घेईल. तुम्हीही घ्या.

तुझा भाऊ,
खुशाल