निळ्या चौकटीतली सहल

क्रेम्ना, गुरुवार सकाळ

आदरणीय रादोयको मामा,

मंगळवारी सकाळी पावणेदहा वाजता, आमच्या क्रेम्नाच्या बसथांब्यावर, नेवेनाने हातातल्या दहा कार्नेशनांतलं एक फूल उपसून गटारात टाकलं आणि उरलेली नऊ माझ्या हातात दिली. माझ्या आयुष्याचे दोन भाग करायचे झाले तर रेघ तिथे मारावी लागेल. आधीच्या भागात मी मूर्ख होतो पण सुखी होतो. नंतरच्या भागाला आज तिसरा दिवस.

तुमच्या उजव्या डोळ्याला माझा नमस्कार, आणि डाव्याला पट्टी सुटल्यावर. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं आईने सांगितलं. पेर्सिदा मामी तुम्हाला वाकू देत नाहीत, वाचू देत नाहीत, खिडकीशी बसू देत नाहीत, हेही कळलं. त्यांचं बरोबर आहे. हे पत्र मात्र त्यांना वाचून दाखवायला सांगू नका. एका डोळ्याने हळूहळू वाचा, घाई नाही. मला तर कशाचीच घाई राहिलेली नाही.

तुम्हाला ठाऊक आहे की वनशास्त्राचं कॉलेज मी तिसऱ्या वर्षात सोडलं. (प्राध्यापकाने आमच्याच डोंगरात उगवणाऱ्या ओमोरिका झाडाला साधं स्प्रूस म्हटलं. मी तारा पठारावर वाढलेला माणूस, मला ओमोरिका कळत नाही? मी झाडाचा शंकू त्याच्या टेबलावर आपटला. तो उडून त्याच्या कॉफीत पडला, तो भाग माझ्या हातात नव्हता.) आई वर्षभर हेच ऐकवते की मी काही पूर्ण करत नाही. म्हणून या खेपेला मी एक गोष्ट शेवटपर्यंत आखायची ठरवली. ताराच्या पठारावरून, खडीच्या जंगलवाटांनी, जाड टायरच्या सायकलींवर, दोन दिवसांत चौऱ्याऐंशी किलोमीटर. महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. लाकूडवाल्यांचे ट्रक कुठल्या वाटेने कुठल्या वारी उतरतात ते लिहून काढलं, झरे मोजले, अस्वल दिसलेली ठिकाणं लाल पेन्सिलीने दाखवली. झाओविनेच्या तळ्याअलीकडे खडी इतकी मोकळी आहे की चाक घसरतं, तिथे उतरून चालायचं असंही नमूद केलं. एकूण अकरा थांबे. चार थांब्यांवर नेवेनाला मनातलं सांगायचं होतं. पहिल्यावर नाही जमलं तर दुसऱ्यावर, असं. उरलेले सात पोगाचा पाव, कायमाकची साय आणि पाण्यासाठी.

नेवेना बेलग्रादहून पंधरा दिवसांसाठी घरी येणार होती. फोनवर सहलीचं विचारलं तर म्हणाली, बघू. (बघू म्हणजे हो, असं मी धरलं.) तिच्या आईने मात्र अट घातली की गावातली आणखी चार माणसं असतील तरच पोरीला जंगलात पाठवीन. चार माणसं गोळा करायची म्हणून मी गेल्या शुक्रवारी तुमच्या उझित्सेला जाऊन जाहिरात छापून घेतली. सगळा घात तिथे झाला.

त्या छापखान्याचा म्हातारा मयताचे कागद छापून जगतो, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरासमोर, बसस्थानकाच्या खांबावर रोज नवीन लागतात. त्याने विचारलं, चौकट कोणती. मी म्हणालो, काळी नको बाबा, चांगल्या कामाचं आहे, निळी द्या. मामा, निळी चौकट कुणाची असते ते मला लहानपणापासून माहीत आहे. लग्नाआधी, तरुणपणी गेलेल्यांची. पण त्या दिवशी मला निळ्यात फक्त आकाश दिसलं. म्हाताऱ्याने वय विचारलं, मी तेवीस सांगितलं, त्याने टोपी काढली. मला वाटलं, सायकलवाल्यांबद्दल आदर असणारा माणूस दिसतो. फोटो कॉलेजच्या ओळखपत्राचा दिला, तो परीक्षेच्या आदल्या दिवशीचा, म्हणजे तसाही मेल्यासारखाच. खाली मजकूर: शनिवारी सकाळी सात वाजता चर्चसमोर जमावे. 'सायकल स्वतःची आणावी' ही शेवटची ओळ त्याने गाळली. अशा कागदावर बरं दिसत नाही, पोरा, असं म्हणून त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. माझी बस सुटत होती, मी कागद उचलून पळालो. पहिला कागद तुमच्या समोरच्या खांबावर लावला, बाकीचे चौदा रविवारी दुपारी क्रेम्नात, जिथे सगळे लावतात तिथेच. लावून झाल्यावर लांबून बघितलं आणि मला ते छानच वाटलं.

सोमवारी सकाळी लोक यायला लागले. शेजारच्या स्तानोय्का आजी रकिया दारूची बाटली घेऊन आल्या, उंबऱ्यापाशी माझ्या नावाने थोडी जमिनीवर सांडली, वर बघितलं तर दारात मी उभा. त्यांनी मला नीट न्याहाळलं, उरलेली स्वतः प्यायल्या आणि म्हणाल्या, "आईला छळायचं एवढंच राहिलं होतं का रे मिलुतिन?" दुपारपर्यंत घरात, मयताच्या घरी आणतात तशी, सात पाकिटं कॉफी आणि एक ताट उकडलेले गहू जमले. आई आधी रडली, मग तिने मला झाडूने मारलं, मग कॉफी कपाटात लावून ठेवली. परत करू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "राहू दे. तुझ्या लक्षणांवरून कधीतरी लागेलच." मी चौदाच्या चौदा कागद फाडले. सहलीला कुणीच येत नाही म्हणाले. त्या कागदावर आपलं नाव जोडायला कोण धजणार?

उझित्सेचा पंधरावा कागद राहिला, आणि मंगळवारी नेवेनाने बस बदलताना तो वाचला.

ती उतरली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी थांब्यावर तिलाच घ्यायला उभा होतो, सायकल पुसून आणली होती. तिने आधी मला बघितलं, मग सायकल.

"मेला नाहीस?"

"नाही."

"मग तसं सांगायचं नाही का, गाढवा?"

"फोन करायचास ना."

"मेलेल्याच्या घरी फोन करून काय विचारू? आहे का म्हणून?"

आणि तिने ते एक फूल काढून टाकलं. सम फुलं मेलेल्याची, विषम जिवंताची, हे आजोबांच्या वेळी तुम्हीच मला शिकवलं होतं. मामा, माझ्यासाठी ती रडली होती. मला वाटलं, अकरा थांब्यांची गरजच उरली नाही. मी विचारलं, किती रडलीस. विचारायला नको होतं.

ती चर्चच्या कठड्यावर बसली आणि खरं ते सांगितलं, ती खोटं बोलतच नाही. उझित्सेपासून बिओस्कापर्यंत रडले, म्हणाली. बाजूच्या बाईने रुमाल दिला. बिओस्काला बस दहा मिनिटं थांबते, तिथे भूक लागली म्हणून गिबानित्सा घेतली. "अर्धी खाल्ल्यावर लक्षात आलं, मिलुतिन, की मी खातेय. गरम आहे, चीज चांगलं आहे, असं मनात येतंय. मग वाटलं, त्या कागदावर पेतर असता तर मला घास गिळला असता का?" (पेतर नोवी सादचा आहे. तिकडे सगळं सपाट. त्याने जन्मात चढ पाहिलेला नाही.) तो वर्षभर तिला लग्नाचं विचारतोय आणि तिला ठरवता येत नव्हतं. बिओस्काला ठरलं. शनिवारी ती परत निघतेय, त्याला हो सांगायला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्यामुळे कळलं रे. नाहीतर अजून वर्षभर घोळत बसले असते."

तर असा मी एकदा मेलो, आणि तेही दुसऱ्याच्या कामी आलं. मला राग यायला हवा होता, तुम्हाला माझा राग माहीत आहे. मी फेकायला काहीतरी शोधलं, पण हातात नऊ फुलं होती.

तब्येतीला जपा, वाकू नका.

तुमचा भाचा,
मिलुतिन

ता. क. तुमचा जुना हवा भरायचा पंप बसड्रायव्हरबरोबर पाठवा, हेच लिहायला बसलो होतो.

ता. क. २. पंप नको. खरं सांगतो. खांबावरचा तो कागद अजून तसाच आहे. तुम्ही पट्टीमुळे पाहिला नसेल आणि मामींनी पाहून लपवला असेल (त्यांना सांगा, मी आहे). शनिवारी साडेदहाला नेवेनाची बस तिथे वीस मिनिटं थांबेल. तोवर तो कुणी फाडू नये एवढं बघा. तिने जाताना एकदा तरी बघावा.

ता. क. ३. फाडा. मामींना खाली पाठवा आणि दहाच्या आत फाडायला सांगा. वीस मिनिटं तिने तिथे निवांत बसावं, भूक लागली तर खावं.

मी शनिवारची वाट बघत नाही, आजच वर निघतोय, एकटा. नकाशा तोच, अकरा थांबे तेच. चार ठिकाणी नुसतं पाणी पिईन. आई गोठ्यात आहे. टेबलावर लोणच्याच्या बरणीत नेवेनाची फुलं आहेत. त्यातलं एक सायकलच्या दांड्याला बांधायला काढलं, तर मागे आठ उरली. आईने मोजली तर पुन्हा झाडू घेईल. म्हणून आणखी एक काढलं. आता सात आहेत. पत्र वाटेत ड्रायव्हरकडे देतो. दार ओढून घेतलं की कुलूप आपोआप लागतं, म्हणून किल्ली खिशात आहे का ते बघितलं. आहे. दार ओढतो.