जर्मनीहून परत आलेलं पॅकिंग

रामघाट, वाराणसी
४ ऑक्टोबर १९९५

ती. सौ. शरदिनीताईस,
बिंदुमाधवाचा साष्टांग नमस्कार.

काल दसरा झाला. गंगेचं पाणी उतरलंय, पायऱ्यांवरचा गाळ काढणं चालू आहे. सुरुचीचे गुडघे दुखतात, पण ते पूर आला तरी दुखतात आणि ओसरला तरी दुखतात. तुझी आणि भाऊजींची तब्येत बरी असेल. तुझ्या कस्तुरीच्या लग्नाची पत्रिका मिळाली होती. उत्तर लिहायचं राहून गेलं.

अडीच वर्षांनी लिहितोय ते कामासाठीच, लपवत नाही. तू पुण्यात जर्मन शिकवतेस आणि मला एक जर्मन कागद आलाय.

तुला ठाऊक नसेल, विद्यापीठाच्या कचेरीतली नोकरी सांभाळून मी हल्ली तंबोरे परदेशी पाठवतो. इथे गाणं शिकायला आलेली मंडळी मायदेशी गेली की पत्राने मागवतात. दिनानाथ सुतार पेटी ठोकतो, आणि भोपळा फुटू नये असा बांधायचं काम माझं. आजवर सात गेले, सगळे जर्मनीला. एकही फुटला नाही.

त्यातला एक क्रेमर नावाच्या बाईंकडे गेला होता. मागच्या आठवड्यात पोस्टातून चिठ्ठी आली की त्यांचं पार्सल आहे, येऊन उघडा. मला वाटलं चॉकलेटं असतील. कस्टमच्या बाबूसमोर उघडलं, तर आत आमचंच पॅकिंग! पेंढा पिशवीत भरलेला, सुतळीचा नीट गुंडा केलेला, दिनानाथचे वाकलेले खिळे ठोकून सरळ केलेले. आणि थोडं कापड. बाबू म्हणाला, "पंडितजी, हम लोग सोना पकड़ते हैं, गांजा पकड़ते हैं. आप जर्मनी से पुआल मँगाते हैं?" किमतीच्या रकान्यात काय लिहावं यावर आम्ही दोघं अर्धा तास बसलो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत.

सोबत छापील पत्रक होतं, ते पाठवतोय. इथल्या एका जर्मन पोराला दाखवलं तर तो हसला आणि हिंदीत म्हणाला, "आपका कचरा है, आपकी ज़िम्मेदारी है." एवढंच. आता मला सांग, माल विकला, पैसे आले, तिकडे तंबोरा वाजतोय, मग त्याच्याभोवतीचा पेंढा अजून माझा कसा? आपल्याकडे साडीचा खोका कुणी दुकानदाराला परत नेऊन देतं का? दहा वर्षं त्यात पापड राहतात.

बाईंचं हाताने लिहिलेलं एक पत्रही आहे. त्यात काही विशेष नसावं, म्हणून पाठवत नाही.

कळावे,
बिंदुमाधव


रामघाट
भाऊबीज, १९९५

प्रिय ताई,

तुझं सहा पानी पत्र परवा मिळालं. एवढं सविस्तर उत्तर देशील असं वाटलं नव्हतं. मी असतो तर पत्रक तसंच परत केलं असतं.

मला कळलं ते असं: तिकडे ९१ सालापासून कायदा आहे की ज्याने माल वेष्टनात घालून विकायला आणला, त्यानेच वेष्टनाची वासलात लावायची. तिकडचे व्यापारी एका संस्थेला वर्गणी भरतात, खोक्यावर हिरवा ठिपका छापतात आणि सुटतात. माझ्या पेटीवर ठिपका नाही, म्हणून बाईंनी प्रामाणिकपणे धन्याला परत केलं. इथवर ठीक. पण कायदा बनारसच्या एका कारकुनापर्यंत पोचतो की नाही हे तुलाही नक्की सांगता येत नाही म्हणतेस. मग मी गुन्हेगार की नुसता बावळट? दिनानाथला विचारलं तर तो म्हणाला, "हरियर रंग त हमरे लग्गे हौ, टीका लगा देईं?" त्याने एका पेटीवर हिरवा ठिपका लावूनही टाकला. आता तो खरवडून काढायला सांगितलाय.

तू विचारलंयस, कापड कसलं होतं. आणि शेवटी लिहिलंयस की कस्तुरीला सहावा महिना लागला, आईचं एखादं लुगडं राहिलं असतं तर बाळाला दुपटं शिवलं असतं.

कापड सुती होतं. जुनं, मऊ.

एवढं लिहून चहा घ्यायला उठलो होतो. परत बसलोय.

ताई, आईची लुगडी घाटावर वाटून टाकली असं मी तुला सांगितलं होतं. वाटली नव्हती. ट्रंकेत होती, सात. तू दहाव्याला आलीस आणि तेराव्याला ते अंजिरी काठाचं मागितलंस. सहा वर्षं आईची कूस मी आणि सुरुचीने बदलली, आणि ही येऊन लुगडं मागते! माझं डोकं फिरलं. तू का येऊ शकली नाहीस ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर राग टिकला नसता.

मग पहिला तंबोरा बांधायला घेतला. भोपळ्याला सोसेल असं मऊ घरात दुसरं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तुला द्यायचं नव्हतं, आणि ट्रंकेत बघवतही नव्हतं. सात भोपळ्यांना नऊ-नऊ वार नेसवून मी ती देशोधडीला लावली. हे सगळं दिनानाथच्या दुकानात केलं, म्हणून सुरुचीला पत्ता नव्हता. दिनानाथ पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "भइया, ई त माताजी क धोती हौ." इकडे लुगड्यालाही धोतीच म्हणतात. मी म्हटलं, तू खिळे ठोक.

क्रेमरबाईंनी त्यांच्याकडचं लुगडं धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पाठवलंय. परक्या साबणाचा वास येतो. सुरुचीने ते उलगडलं आणि म्हणाली, "हे तर आईंचं आहे. तुम्ही तर दान केलं म्हणाला होतात?" तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी तिलाही खोटंच सांगितलं होतं.

बाईंच्या पत्रात लुगड्याचं काही असेल या भीतीने ते मागे ठेवलं होतं, आता सोबत पाठवतोय. उरलेल्या सहा जणांना आज इंग्रजीत लिहितोय की तुमच्या कायद्याप्रमाणे आमचं वेष्टन परत घ्यायला मी बांधील आहे, कापड तेवढं धाडावं, टपालखर्च माझा. तू समजावलेला कायदा मी असा वापरतोय. रागावू नको म्हणणार नाही.

तुझा भाऊ,
बिंदुमाधव


रामघाट
६ जानेवारी १९९६

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तोच लांबून मान हलवत गेला. न लिहिण्याचा तुला हक्क आहे. मीही अडीच वर्षं लिहिलं नव्हतं.

तरी हिशेब सांगतो, कारण तो तुला द्यायचाच आहे. आणखी तीन लुगडी आली. क्रेमरबाईंकडचं धरून चार. एकाने लिहिलंय की भारतात इतका जबाबदार विक्रेता असेल असं वाटलं नव्हतं, मित्रांनाही सांगतो. वाचून शरमेने मान खाली गेली. एकाने जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकून दिलं, आता ते कुठे गेलं त्यालाही माहीत नाही. एकाचं उत्तरच नाही.

चारही सुरुचीने पुन्हा धुतली आणि आपल्या गच्चीवर वाळवली. परक्या साबणाचा वास गेला, पण आईचा आला नाही. मी उगीच वाट बघत होतो. आज रजिस्टर पार्सलने तुझ्या नावे पाठवतोय. कस्तुरीचे दिवस भरत आले असतील. दुपट्यांना चार पुरतील.

राहिलं ते अंजिरी काठाचं. ते हॅम्बर्गजवळच्या एका बाईंकडे आहे. त्यांचं पत्र इंग्रजीत आहे, त्यामुळे मला कळलं, आणि कळूनही काही सुचत नाही. त्या लिहितात की तुमचं कापड कचरा नाही, म्हणून कायद्यात बसत नाही. त्यांची आई दीड वर्ष अंथरुणाला खिळलीय. पाठीला जखमा झाल्यात, कुठलीच चादर सोसत नाही. तंबोऱ्याभोवतीचं हे कापड सहज घालून बघितलं, तर आई रात्रभर झोपली. तेव्हापासून त्याच्यावरच झोपते. आईची गरज संपली की मी स्वतः पाठवीन, असं लिहिलंय. पण तुम्हाला आत्ताच हवं असेल तर कळवा, लगेच पाठवते.

आठ दिवस हे पत्र माझ्या खिशात आहे. पाठ सोलवटली की माणूस कसं कळवळतं ते मी सहा वर्षं बघितलंय, तेव्हा मागवू नये असं वाटतं. मग वाटतं, तुझी मागणी त्या बाईंच्या आधीची. आणि घरात बाळ येतंय. सुरुचीला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय विचारता? ज्यांचं आहे त्यांना विचारा."

खरंच आहे. त्या लुगड्याचं एकदा मी तुला न विचारता ठरवलं. आता ठरवणार नाही. बाईंचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तू त्यांना त्यांच्या भाषेत लिही. "पाठवा" असं लिही किंवा "राहू द्या" असं लिही, दोन्हीला माझी काही हरकत नाही, आणि असली तरी तिला किंमत नाही. फक्त माझ्या नावाने लिहू नकोस. तुझ्या नावाने लिही की ते लुगडं माझ्या आईचं होतं, आणि आता माझं आहे.

पहिल्यांदाच तुला विचारणारा,
तुझा धाकटा
बिंदू