अंगठा वर

सोमवार, ११ फेब्रुवारी

कान फुटला नवऱ्याचा आणि पाण्यात चालले मी. न्याय आहे का हा!

वन्संच्या पन्नाशीची भेट म्हणून त्यानं ही बेटावरची सुट्टी ठरवली होती. बहीण-भावानं मिळून समुद्राखाली जायला शिकायचं — लहानपणापासूनचं स्वप्न म्हणे. आणि निघायच्या तोंडावर डॉक्टरांनी त्याच्या कानात डोकावून सांगितलं, 'बादलीतसुद्धा डोकं घालायचं नाही.' झालं! 'तू जा ना. ती एकटी काय करेल?'

मी! तोंडावर पाणी आलं की जिचा श्वास अडकतो, ती. मी तर न्हातानासुद्धा मान मागे टाकून न्हाते. लहानपणी बुडाले होते वगैरे म्हणावं, तर तेही नाही. उगाचच. भीतीला कारण असतं तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

खोली छान आहे. दोन पलंग, मध्ये एक दिवा. वन्संनी खिडकीजवळचा पलंग मला दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघीच अशा एका खोलीत कधी राहिलो नव्हतो. मी त्यांना वन्सं, त्या मला वहिनी, अहो-जाहो — सगळं कसं इस्त्री केलेलं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

शिकवणारा इतका सावकाश बोलतो की वन्संनी लगेच त्याचं नाव 'कासव' ठेवलं. कासव म्हणाला, खाली जायचं ते जोडीनं. एकीनं वर यायचं म्हटलं की दुसरीनंही यायचं. का, कशाला — काही विचारायचं नाही. या आठवड्यात शिकायला आम्ही दोघीच. म्हणजे मी कच खाल्ली की वन्संचं स्वप्नही गेलं!

मग खुणा. बोटांचा गोल म्हणजे ठीक. पंजा डावी-उजवीकडे हलवला म्हणजे काहीतरी गडबड. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे — 'वर चला'.

'अंगठा दाखवणं म्हणजे फसवणं ना हो?' वन्संनी त्याला विचारलंच. मुख्याध्यापिका आहेत. दुसऱ्याच्या वर्गात गप्प बसणं जड जातं.

रबरी सूट चढवताना त्यांनी मागून माझी चेन ओढली. चेन अर्ध्यावर अडून बसली.

'वहिनी, श्वास आत घ्या!'

'श्वास आतच आहे वन्सं, बाहेर उरलंय ते मी.'

दोघी इतक्या हसलो की कासव दाराबाहेरून विचारायला लागला, काही मदत हवी का!

बुधवार, १३ फेब्रुवारी

नाही जमलं.

हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात, कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून बसायचं, मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकानं फुंकर मारून ते बाहेर घालवायचं. मी पाणी घेतलं आणि धडपडत उठलेच. परत बसले, परत उठले. मग खोकला, शेंबूड, अश्रू, सगळं एकदम. काठावर एक आजोबा पेपर वाचत होते, त्यांनी तो हळूच तोंडापुढे धरला. सज्जन माणूस!

वन्संनी पहिल्या झटक्यात केलं. वर येऊन म्हणाल्या, 'वहिनी, घाई नाही हं. नाही जमलं तर नाही. मी कोणाला काही बोलणार नाही.'

किती गोड बोलल्या! आणि मला किती झोंबलं. त्यांनी चक्क वैतागायला हवं होतं. समजूतदारपणापुढे माणसानं पळायचं तरी कुठे?

गुरुवार, १४ फेब्रुवारी

जमलं!!

गुपित एवढंच की मनातल्या मनात बडबडायचं. 'नाक पुसतेय, दुसरं काही नाही, नाक पुसतेय —' आणि पाणी गेलं. परत केलं, तेही गेलं. कासवानं टाळ्या वाजवल्या, त्याही सावकाश. आजोबांनी पेपर बाजूला ठेवून मान डोलावली.

वन्संना म्हटलं, उद्या समुद्र! त्या म्हणाल्या, 'हो ना.' जेवल्या मात्र अगदी चिमणीएवढं. आनंदानंच असेल.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आधी चांगलं लिहिते.

पाठीवर हवेची टाकी, तोंडात तिची नळी, बोटीच्या काठावर पाण्याकडे पाठ करून बसायचं आणि मागच्या मागे पडायचं. पडले. थंड, फेस, डोळे गच्च मिटलेले. मग उघडले — आणि श्वास चालू होता! माझाच, घरघर करत, म्हाताऱ्या पंख्यासारखा. दोराला धरून हळूहळू खाली. कासव पुढे, शेजारी वन्सं. तळाला पांढरी वाळू, आणि तिच्यावर लाटांच्या उजेडाची जाळी हलतेय. एक पोपटी मासा प्रवाळाचा खडक कुरतडत होता, आणि ते ऐकू येत होतं! खडू मोडल्यासारखं — कट, कट. मग तो थेट माझ्या मास्कसमोर आला आणि त्यानं आत डोकावून पाहिलं. बाई कोण, कुठली!

मला इतकं भरून आलं की मी वन्संकडे वळले आणि मोठ्या उत्साहानं दाखवला — अंगठा.

कासवानं पाहिला. लगेच त्यानंही अंगठा वर केला आणि दोघींना घेऊन वर निघाला. मी मान हलवतेय, हात हलवतेय — तो आणखीच घट्ट धरतोय!

वर आल्यावर त्यानं विचारलं, 'काय झालं?' काय सांगू? 'मासा आवडला'? शरमेनं तोंडातून निघून गेलं, 'कान दुखला.' कासव म्हणाला, 'मग आज बस्स. सकाळी ठीक वाटलं तर परत.'

वन्सं टॉवेल गुंडाळून, पाठ फिरवून बसून राहिल्या. बोट धक्क्याला लागेपर्यंत एक शब्द नाही. ज्यांचा आवाज ऐकून घंटेशिवाय शाळा भरते, त्या!

पन्नास वर्षांचं स्वप्न आणि मी ते एका अंगठ्यानं बुडवलं. जेवणाच्या टेबलावर खरं सांगून टाकणार होते, पण त्या डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपल्या.

शनिवार, १६ फेब्रुवारी

केस विंचरता विंचरता वन्सं म्हणाल्या, 'काल तुमचा कान दुखत नव्हता.'

मेले! खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

'मी किती घाबरले होते ते दिसलं ना तुम्हाला? रोज वाटायचं, वहिनींना नाही जमलं तर मीही सुटेन. काल खाली श्वासच पुरेना, आणि खूण करायची लाज वाटत होती. तेवढ्यात तुम्हीच सगळं अंगावर घेतलंत.' मग फणीतले केस काढत म्हणाल्या, 'दादाच्यासुद्धा लक्षात आलं नसतं.'

आणि मी तर मासा बघत होते!

आता बोट सुटायची वेळ झाली आहे. वन्सं दारात चपला घालून उभ्या आहेत. 'वहिनी, आज हात धरून जाऊ या का?'

आज मासे राहू देत. आज वन्संकडे बघायचं.